किती सेंटिमीटर, हा नंतरचा प्रश्न

गोदाकाठच्या एका गावातून थोरल्या भावाचं पत्र आलं आहे. वडील नाहीत, घर त्याच्या पगारावर चालतं. धाकटी बहीण 19 वर्षांची, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. ती अठरा दिवसांची असताना तिच्या डाव्या खुब्यात पू झाला होता. मालिश करणाऱ्या काकूंनी पाय ओढला म्हणून खुबा निखळला, असं घरात सगळे मानतात. दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या त्या काकूंशी आई तेव्हापासून बोललेली नाही. आज बहिणीचा डावा पाय साडेपाच सेंटिमीटर आखूड आहे, चालताना ती डावीकडे झुकते, संध्याकाळी कंबर दुखते. एक्स-रेमध्ये खुब्याचा गोळा दिसतच नाही. एका सर्जननी रिंग (हाडाला तारा-पिनांनी जोडलेली, पायाभोवती बाहेरून बसवायची चौकट) लावून पाय लांब करायला सांगितलं. दुसरे म्हणाले, आता थांबा, पुढे कृत्रिम सांधा बसवू. दोन स्थळं तिची चाल पाहून परत गेली. भावाने वीस गुंठे जमीन विकायचं ठरवलं आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत ऑपरेशन उरकायचं आणि दिवाळीनंतर लग्न. "पाय बरोबरीचा झाला की सगळं सुटेल. ती काही बोलत नाही, पण तिलाही हेच हवं असणार. कुठल्या डॉक्टरांचं ऐकू?"

दादा,

तुमचं नाव छापायचं नाही, म्हणून घरात तुम्हाला जी हाक मारतात तीच मारते. मी बावीस वर्षं अस्थिरोग वॉर्डात फिजिओथेरपिस्ट होते. एक्स-रेचं मोठं पाकीट मांडीवर धरून बाकावर बसलेले भाऊ, बाप, मामा मी खूप पाहिले. बहिणीसाठी जमीन विकायला निघालेल्या माणसाच्या मायेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. तरीही जमिनीचा इसार घेतला नसेल तर घेऊ नका, हे सगळ्यात आधी सांगते. बाकीचं सावकाश.

तुम्ही विचारता, दोघांपैकी कुणाचं ऐकू. तुमचं पत्र दोनदा वाचल्यावर मला वाटलं, अडचण डॉक्टरांच्या उत्तरात नाही, तुम्ही नेलेल्या प्रश्नात आहे. तुमच्या मनात हिशेब असा आहे: पाय साडेपाच सेंटिमीटरने कमी, तेवढा वाढवला की लंगडणं संपलं. नुसता पाय वाढवला तर तसं होत नाही.

हे घरीच पाहता येईल, बहिणीची तयारी असेल तर. तिला भिंतीपाशी उभं करा आणि डाव्या पायाखाली जुन्या वह्या एकेक करून सरकवा, कमरेची दोन्ही हाडं एका रेषेत येईपर्यंत. झाला पाय बरोबरीचा. आता तिला उजवा पाय उचलून फक्त डाव्या पायावर उभं राहायला सांगा. भिंतीचा आधार असू द्या, तुम्हीही जवळ राहा. बहुतेक उजवीकडची कंबर खाली जाईल आणि तोल सावरायला तिचं अंग डावीकडे झुकेल. उंची तर भरून निघाली, मग हा झोक कुठून आला? तो खुब्यातून आला.

घरात जातं असेल तर आठवा. मधली खीळ जागेवर असली की खुंटा धरून एका हाताने वरचा दगड फिरवता येतो. खीळ निघाली की कितीही जोर लावा, दगड नुसता सरकतो. मांडीच्या हाडाचा गोळा ही ती खीळ. नितंबाचे स्नायू तिच्या आधाराने पावलागणिक कंबर तोलून धरतात. तुमच्या बहिणीचे स्नायू आहेत, पण ज्याच्या आधाराने ओढायचं तो गोळाच राहिलेला नाही. 1895 मध्ये ट्रेंडेलेनबर्ग या जर्मन सर्जननी या चालीचं कारण उलगडलं. तिच्या फाइलमध्ये 'ट्रेंडेलेनबर्ग पॉझिटिव्ह' असे शब्द कुठेतरी असतीलच, त्यांचा अर्थ हाच. म्हणून डॉक्टरांना आधी विचारायचं ते हे: खुब्याला आधार कसा मिळेल? किती सेंटिमीटर वाढवायचं, ते त्यानंतर.

आता रिंगचं ऑपरेशन. बहुधा तुम्हाला 'पाय लांब करणं' एवढंच सांगितलं गेलं, किंवा तेवढंच लक्षात राहिलं. गोळा आणि त्याची मान दोन्ही झिजून गेलेल्या खुब्यासाठी जे करतात त्यात मांडीचं हाड दोन ठिकाणी कापावं लागतं. वरच्या कापात हाड अशा कोनात वळवतात की त्याचा वरचा भाग कमरेच्या हाडाला खालून टेकतो, म्हणजे नव्या जागी टेकू मिळतो. गुडघ्याच्या वरचा दुसरा काप पायाची रेघ सरळ करतो आणि लांबीही तिथूनच वाढते. इंग्रजीत त्याला पेल्व्हिक सपोर्ट ऑस्टिओटॉमी म्हणतात. नाव ऐकून लोक घाबरतात, पण कमरेचं हाड यात कापत नाहीत. ज्या सर्जननी रिंग सुचवली त्यांना सरळ विचारा: "तुम्ही एकच काप घेणार की दोन? खुब्याला टेकू देणार का?" फक्त लांबी वाढवून पाठवणार असतील, तर सरळ उभी राहिल्यावर पाय बरोबर दिसतील आणि चालायला लागली की झोक तिथेच असेल.

टेकू चांगला बसला तर झोक बराच कमी होतो, कंबरदुखी हटते, चालण्याचा पल्ला वाढतो. थोडा झोक उरतो, विशेषतः दमल्यावर. मोडलेलं सगळं पुन्हा पहिल्यासारखं होईल असं कुणी म्हणालं, तर तिथे माझा विश्वास बसणार नाही.

आणि तुमची उन्हाळ्याची सुट्टी. दादा, इथे तुमचा हिशेब फारच चुकला आहे. सायबेरियातल्या कुर्गानच्या इलिझारोव्ह या सर्जननी विसाव्या शतकाच्या मध्यावर दाखवून दिलं की कापलेलं हाड अगदी सावकाश ताणलं तर मधल्या फटीत नवं हाड धरतं. सावकाश म्हणजे दिवसाला 1 मिलिमीटर, तोही एकदम नाही, पाव-पाव करून चार वेळा. ऑपरेशननंतर आठवडाभर थांबून ही सुरुवात करतात. 5 सेंटिमीटर म्हणजे 50 दिवस रिंगचे नट फिरवून हाड ताणणं. त्यानंतर नवं हाड घट्ट होईपर्यंत रिंग तशीच. ढोबळ हिशेब दर सेंटिमीटरमागे महिना ते दीड महिना. म्हणजे पाच-सहा महिने तर धराच, आठ लागले तरी नवल नाही, आणि रिंग निघाल्यावर पुन्हा जोर येईपर्यंत काही महिने. वर्ष गेलं असं समजा. दिवाळीनंतर मांडव घालायचा बेत मनातून काढून टाका.

तो काळ घरात कसा जातो, ते सांगते. आमच्या वॉर्डातल्या एका मुलीच्या आईने रिंगच्या प्रत्येक नटच्या एका कडेला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला होता, म्हणजे पाव फेरा किती ते चुकायला नको. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री झोपताना. पान्याचा टक् असा आवाज आला की ती कॅलेंडरवर रेघ मारायची. नट फिरवताना ती मुलगी कधी रडली नाही. रडायची ती गुडघा वाकवताना. मांडी लांब होते तेव्हा स्नायू आतून ताठ होतात, वर त्यांच्यातून तारा आणि पिना गेलेल्या, त्यामुळे गुडघा आखडतो. रोज, अगदी रोज, तो वाकवावा लागतो. दुर्लक्ष झालं तर गुडघा कायमचा आखडू शकतो, प्रसंगी सरकतोही. पाय वाढला आणि गुडघा गेला, अशी माणसं मी पाहिली आहेत. पिनांच्या तोंडाशी लाली, पाणी, कधी पू हे जवळपास प्रत्येकाला एकदा तरी होतं. रोजची सफाई आणि वेळेवर गोळ्यांनी बहुतेकदा आवरतं. त्या आईने परकराची एक बाजू उसवून तिथे नाड्या लावल्या होत्या, रिंगवरून घालता यावा म्हणून. कमोड लागतो, पलंग भिंतीपासून सुटा करावा लागतो, रिक्षात आडवं बसावं लागतं. हे सगळं तुम्ही चाकरीवर असताना कोण करणार, ते आधी ठरवा. आणि घरात कुणी मिश्री लावत असेल, बहिणीला तिची सवय असेल, तर ती आधी सुटायला हवी. तंबाखूने हाड धरायला वेळ लागतो, एकोणिसाव्या वर्षीसुद्धा.

मांडीत चुंबकाने लांब होणारी सळई घालायची सोयही आता आहे. बाहेर रिंग नाही, पण खर्च कितीतरी पट, आणि खुब्याच्या टेकूचं काम त्या सळईने होत नाही.

कृत्रिम सांध्याचं म्हणणाऱ्या डॉक्टरांचंही चुकलेलं नाही. खीळच नाही तर नवी खीळ बसवू, हा सरळ विचार आहे. पण वय पाहा. अनेक वर्षांच्या नोंदी तपासल्या तर असे साधारण शंभरातले 58 सांधे 25 वर्षं टिकलेले दिसतात, आणि त्यात बहुतेक माणसं उतारवयातली. विशीतली मुलगी सांधा जास्त वापरते. आयुष्यात एकदा, कदाचित दोनदा तो बदलावा लागेल आणि दर वेळचं ऑपरेशन आधीपेक्षा अवघड असतं. शिवाय तिचं मांडीचं हाड वर सरकलेलं आणि बारीक, बसायची वाटी उथळ. साडेपाच सेंटिमीटर एका झटक्यात खाली ओढलं तर पायाच्या मोठ्या नसेला इजा होऊ शकते, म्हणून त्या ऑपरेशनमध्ये लांबी पूर्ण भरून निघेलच असं नाही. जुन्या पुवाचा अंश आत राहिला नाही ना, हेही रक्ताच्या तपासण्यांनी आणि गरज पडल्यास सांध्यातलं पाणी काढून पाहावं लागतं.

उलट बाजूही आहे. आज टेकूसाठी हाड कोनात वळवलं, तर चाळिशीत सांधा बसवताना तोच कोन आडवा येतो. होत नाही असं नाही, अवघड होतं. म्हणून दोन्ही डॉक्टरांना एकच वाक्य जसंच्या तसं विचारा: "हे केल्यावर चाळिशीत दुसरं करायची वेळ आली तर काय?" जे या प्रश्नाला कंटाळणार नाहीत, कागदावर रेघा मारून समजावतील, आणि असेच ऑपरेशन होऊन दोन-तीन वर्षं झालेल्या माणसाशी तुमची गाठ घालून देतील, त्यांच्याकडे माझं मन झुकेल. खुबा कायमचा जखडून टाकण्याचा जुना उपाय कुणी सुचवला तर मांडी घालणं आणि उकिडवं बसणं जाईल, हे लक्षात घ्या. टेकूच्या ऑपरेशननंतर किती बसता येईल, तेही करून दाखवूनच विचारा: मांडी, उकिडवं, जिना, स्कूटर.

आणखी एक वाट आहे जिच्याबद्दल तुम्ही लिहिलंच नाही, ती म्हणजे चपलेची. बहिणीने आजवर उंचवट्याची चप्पल नीट वापरली आहे का? तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. आत दोनेक सेंटिमीटर मावतात, बाकी तळव्याला हलक्या फोमचा थर. पूर्ण साडेपाच लागतही नाही, तीन-चारने पुष्कळ फरक पडतो. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, तिथे अशी पादत्राणं करून देतात. मोठ्या सरकारी रुग्णालयांतही सोय असते. तीन महिने वापरून कंबर किती दुखते ते पाहा, सोबत नितंबाचे आणि पोटाचे व्यायाम. एकोणीस वर्षं थांबलेला खुबा तीन महिन्यांत बिघडणार नाही. तिची बी.कॉम. पूर्ण होईपर्यंत थांबलात तरी काही हातचं जात नाही, मात्र वर्षाला एक एक्स-रे आणि तपासणी चुकवू नका.

आता त्या वाक्याकडे येते जे वाचून मी पत्र बाजूला ठेवलं होतं. "ती काही बोलत नाही." तुमच्या पत्रात जमिनीच्या भावावर अकरा ओळी आहेत, बहिणीवर ही एक. ती काही बोलत नाही कारण भाऊ तिच्यासाठी वडिलांची जमीन विकतोय, आता नको कशी म्हणेल? किंवा ती काही बोलत नाही कारण दोन स्थळं दारातून परत गेल्यावर हा खर्च आपल्यामुळेच, असं तिला वाटतंय. किंवा तिला ऑपरेशन हवंच आहे, पण परीक्षेनंतर. मला माहीत नाही, आणि रागवू नका, तुम्हालाही माहीत नाही. ती सज्ञान आहे. संमतीपत्रावर सही तिची लागेल. गुडघा तिलाच वाकवायचा आहे, रोज, दुसऱ्या कुणाला नाही. मनातून तयार नसलेली मुलगी दहाव्या दिवशी व्यायाम सोडते, हे मी पाहिलं आहे, आणि मग दोष तिच्यावरच येतो.

तिला "तुला ऑपरेशन हवंय का" असं विचारू नका, ती हो म्हणेल. विचारा, दिवसात कुठल्या वेळी पाय सगळ्यात जास्त नकोसा होतो. एस.टी.त चढताना? कॉलेजच्या जिन्यावर? कंबरेने झोप मोडते तेव्हा? की फक्त कांदेपोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर येताना? उत्तर शेवटचं असेल, तर त्यावर उपाय सर्जनकडे नाही. मांडीवरचे पिनांचे व्रण कायम राहतात, ते पुढे लपवून ठेवायचे म्हटलं तर नव्या घरात पहिल्या दिवसापासून भीती सोबत न्यायची. पाहायला येणाऱ्यांना पहिल्या भेटीतच सांगा: तान्हेपणी सांध्यात पू झाला होता, हा आजार आनुवंशिक नाही, मुलाबाळांत उतरत नाही. बाळंतपणाचा प्रश्न हमखास येतो. खुब्यामुळे मूल होण्यात आडकाठी येत नाही. प्रसूतीच्या डॉक्टरांना पाय किती फाकतो ते आधी दाखवायचं, एवढंच.

दुसऱ्यांदा डॉक्टरांकडे जाताना बोलणं तिला करू द्या. तुम्ही पाकीट धरा.

पैशांचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत उपचार मोफत मिळतात. तुम्हाला सांगितलेलं नेमकं ऑपरेशन त्यात बसतं का आणि कुठल्या रुग्णालयात, ते त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, विचारा, नातेवाइकांना नको. धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात, तिथल्या समाजसेवा विभागात जा. जिल्हा रुग्णालयात तपासणी होऊन अपंगत्व 40 टक्के किंवा जास्त भरलं तर यूडीआयडी कार्डावर (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) शिक्षणात आणि नोकरीत हक्काच्या सवलती आहेत. 'अपंग' हा शिक्का नको म्हणून घरचे कार्ड काढत नाहीत. मला त्याचं फार वाईट वाटतं. बँकेची किंवा सरकारी परीक्षा द्यायची असेल तर ते कार्ड तिच्या कामाचं आहे. आणि खर्चाचा अंदाज लेखी घ्या: ऑपरेशन, रिंग, दर दोन आठवड्यांनी एक्स-रे, फिजिओथेरपी, शेवटी रिंग काढण्याचा खर्च. शेवटचे तीन बहुतेक जण सांगायचे विसरतात.

हे वाचणाऱ्या ज्या आईबापांची मुलं अजून लहान आहेत, त्यांच्यासाठी. तान्हं बाळ एक पाय हलवत नाही, लंगोट बदलताना किंचाळतं, दूध सोडतं, तर त्याच दिवशी मुलांच्या मोठ्या रुग्णालयात न्या. ताप असायलाच हवा असं नाही. इतक्या लहान बाळाचा खुब्याचा गोळा अजून कूर्चेचा, म्हणजे मऊ, हाड न झालेला असतो, एक्स-रेत तो दिसतच नाही, म्हणून "एक्स-रे नॉर्मल आहे" या शब्दांवर परत फिरू नका, सोनोग्राफी करायला सांगा. पू असेल तर तो त्याच दिवशी काढायचा असतो, उशिराचा प्रत्येक तास त्या गोळ्यावर जातो. आणि ज्यांचं मूल सहा-सात वर्षांचं आहे आणि पाय आखूड पडत चाललाय त्यांनी टेकूच्या ऑपरेशनची घाई करू नये. वाढत्या हाडात दिलेला कोन हळूहळू सरळ होतो आणि झोक परत येतो, म्हणून ते बारा-तेराच्या पुढे करतात. त्या आधी करण्यासारखं दुसरं काही आहे का, ते मुलांच्या अस्थिरोगतज्ज्ञांना विचारा आणि दरवर्षी पायाचं माप घ्या. वयात येण्याच्या सुमारास चांगल्या पायाची गुडघ्याजवळची वाढ वेळेवर थांबवूनही थोडा फरक भरून काढता येतो. मुलींची वाढ साधारण चौदाव्या वर्षी संपते, तेव्हा ती वेळ हुकू देऊ नका.

राहता राहिल्या त्या काकू. दादा, नवजात बाळाच्या खुब्यात पू रक्तातून येतो. नाळेतून, सलाइनच्या सुईतून, त्वचेवरच्या एखाद्या फोडातून जंतू शिरतात. त्या वयात हाडाच्या टोकापर्यंत रक्तवाहिन्या थेट गेलेल्या असतात आणि खुब्यात ते टोक सांध्याच्या पिशवीच्या आतच असतं. तिथे पू साठला की दाबाने गोळ्याचं रक्त तुटतं, कूर्चा विरघळते, मग सांधा निखळतो. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातल्या थॉमस स्मिथ यांनी 1874 मध्येच तान्ह्या बाळांच्या या आजाराबद्दल लिहून ठेवलं आहे. मालिशीने पू होत नाही. उलट त्या काकूंच्या हाताला पाय दुखरा लागला असेल, बाळ रडलं असेल, तेव्हा आजार आत आधीच सुरू झालेला असणार. तुमच्या आईचंही काही चुकलं नाही, अठराव्या दिवशी हे ओळखणं डॉक्टरांनाही जड जातं.

हा एवढा भाग आईला वाचून दाखवा. काकू अजून दोन गल्ल्या पलीकडेच राहतात, असं तुम्ही लिहिलं आहे.